पाठ झालेला तक्ता

आमच्या नंबरमास्तरांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: लांबचं न दिसणारी आणि जवळचं न दिसणारी. ज्यांना दोन्ही नीट दिसतं त्यांच्याशी मास्तरांचं फारसं जमत नाही. "अशा माणसाशी बोलायचं काय?" असं ते विचारतात, आणि हे गमतीनं म्हणतात की मनापासून, याचा उलगडा आजवर कोणालाही झालेला नाही.

तीस वर्षं मास्तर एका चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर काढताहेत. दुकानाचा पुढचा भाग आरशांचा आणि दिव्यांचा. तिथे मालक बसतात आणि तिथे प्रत्येकाला प्रत्येक फ्रेम शोभून दिसते. मागे एक अरुंद काळोखी खोली. तिथे मास्तर बसतात आणि तिथे कोणालाच काही शोभत नाही, कारण तपासणीची ती गोल, जड, भिंगं बदलायची फ्रेम नाकावर चढली की न्यायाधीशसुद्धा बेडकासारखा दिसतो. खोलीची लांबी कमी पडते म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला, उलटा छापलेला, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. गिऱ्हाइकानं आरशात बघून वाचायचं. मास्तर बाजूच्या स्टुलावर, मांडीवर भिंगांची पेटी, आणि तोंडात दोनच शब्द: "वाचा" आणि "छान". 'म'ला 'भ' म्हटलं तरी छान, 'घ'ला 'ध' म्हटलं तरी छान. चूक म्हणून कधी सांगायचं नाही, मुकाट्यानं भिंग बदलायचं. "माणूस आधीच घाबरलेला असतो हो," ते म्हणतात. "त्याला वाटतं, आपण नापास झालो तर म्हातारे झालो."

त्यांच्या शर्टाच्या खिशात चष्मे पुसायचं मऊ कापड कायम असतं. समोरच्याच्या काचेवर डाग दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. एकदा शेजारच्या दुकानदाराशी पायरीवर गाडी लावण्यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. ऐन रंगात आलेलं असताना मास्तरांनी त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, दोन्ही बाजूंनी पुसला आणि परत चढवला. त्या माणसानं स्वच्छ काचेतून रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ही गाडी तुमची नाहीच की." भांडण तिथेच मिटलं.

मास्तरांचं वय त्रेपन्न. राहतात थोरल्या भावाकडे. लग्न राहून गेलं. 'राहून गेलं' हा शब्दप्रयोगही त्यांचाच. छत्री बसमध्ये राहून जावी तसं ते तो उच्चारतात. वहिनींचं मत मात्र वेगळं आहे. त्या म्हणतात, "राहून काही गेलेलं नाही. ते वर्षातून एकदा दुकानात येतं आणि चष्मा घालून परत जातं."

वहिनींच्या या बोलण्याचा रोख लायब्ररीबाईंकडे.

लायब्ररीबाई गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. बावीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा नंबर काढायला आल्या आणि तेव्हापासून दर वर्षी, त्याच महिन्यात, त्याच आठवड्यात येत राहिल्या. उंच, सावळ्या, बोलायला शांत. पण पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याकडे अशा काही नजरेनं बघायच्या की तो घरी जाऊन स्वतःच्या वह्यांचेही कोपरे सरळ करायचा. त्यांची वेणी लांबलचक. तपासणीची फ्रेम चढवायच्या आधी काडी कानामागे नीट बसावी म्हणून त्या वेणी एका हातानं पुढे घ्यायच्या. बस्स, एवढंच. ही दोन सेकंदांची हालचाल बघायला मास्तर तीनशे चौसष्ट दिवस लोकांना अक्षरं वाचायला लावत बसत. इतर गिऱ्हाइकांचं काम पंधरा मिनिटांत आटपे, बाईंना पाऊण तास लागे. बाहेरून मालक विचारत, "मास्तर, नंबर काढताय की मुलाखत घेताय?" आत मास्तर पेटीतलं एकेक भिंग लावून बघत असत: "हे बरं की हे? आता? आणि आता?" नंबर तोच निघायचा. गेली सहा वर्षं तर पाव नंबराचाही फरक पडलेला नव्हता. बाईंच्या दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर एकसष्ट मिलिमीटर, हे मास्तर झोपेतही सांगतील. स्वतःच्या भावाचं वय मात्र त्यांना वहिनींना विचारावं लागतं.

गेल्या वर्षी बाईंनी जाता जाता सांगितलं, "पुढच्या वर्षी मी निवृत्त होते मास्तर. ताईकडे जाणार राहायला. ती एकटीच असते." ताईंचं गाव इथून दहा तासांवर. "जायच्या आधी शेवटचा नंबर मात्र तुमच्याकडूनच काढून नेईन."

म्हणजे मास्तरांना बोलायला एक वर्ष होतं आणि बोलायची संधी एकच. त्यांनी तयारी सुरू केली. न्हाणीघरात पाण्याच्या आवाजाआड ते एक वाक्य घोकत असत. वहिनींना ते अर्थातच ऐकू जाई, कारण घरातलं कुठलंही वाक्य वहिनींना ऐकू जातं. नऊ महिने खपून मास्तरांनी घडवलेलं ते वाक्य असं होतं: "बाई, तिकडे चष्म्याचं चांगलं दुकान आहे का?"

वहिनींनी डोक्याला हात लावला. "भावोजी, हे विचारून काय मिळणार?"

"त्या म्हणतील, नाही. मग मी म्हणेन, मग तुमचं कसं होणार."

"आणि त्या म्हणाल्या, आहे?"

मास्तरांनी या शक्यतेचा विचार केलेला नव्हता. ते परत न्हाणीघरात गेले.

बाई यायला दोन-अडीच महिने उरले असतील, तेवढ्यात गावात डोळ्यांची साथ आली. घरोघर लाल डोळे. जो तो काळा चष्मा घ्यायला दुकानात. मालक खुशीत होते. लाल डोळ्यांची माणसं एकेक फ्रेम नाकावर चढवून बघायची आणि मास्तर ती फ्रेम पुसून जागेवर ठेवायचे. पुसायचे ते त्याच खिशातल्या कापडानं, आणि मधूनच तोच हात सवयीनं स्वतःच्या डोळ्याला. चौथ्या दिवशी मास्तरांचे डोळे आले.

घरी वहिनींनी शिस्त लावली. मास्तरांचा टॉवेल वेगळा, उशी वेगळी, साबण वेगळा, खुर्ची खिडकीपाशी. "आणि भावोजी, कोणत्याही दाराच्या कडीला हात लावायचा नाही. दार उघडायचं असेल तर हाक मारा." सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, कोमट पाण्यानं सोडवाव्या लागायच्या. दिवसभर पाणी गळायचं. "रडून घ्या," वहिनी म्हणायच्या, "एरवी तुम्ही काही रडणारे नाही." दहा-बारा दिवसांत लाली गेली, पाणी थांबलं, कड्यांवरची बंदी उठली. मास्तर कामावर गेले.

आणि दोन दिवसांनी त्यांनी खिशातलं कापड काढून स्वतःचा वाचायचा चष्मा पुसायला घेतला. पुसला, घातला, परत काढून पुसला. दुपारपर्यंत चाळीस वेळा पुसला. कोणीतरी जगावर तेलकट बोटं उमटवून गेल्यासारखं दिसत होतं. दिव्याभोवती कडं, अक्षरांच्या शेजारी अक्षरांच्या सावल्या. चष्मा काढला तरी बोटं तिथेच. तीस वर्षं दुसऱ्यांच्या काचा पुसणाऱ्या माणसाला संध्याकाळी कळलं की डाग आहे तो पुसता येईल अशा काचेवर नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मास्तरांना चांगल्या ओळखतात, कारण अर्ध्या गावाला मास्तरांनीच त्यांच्याकडे पाठवलंय. त्यांनी मास्तरांची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यावर प्रकाशाची बारीक फट टाकली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ठिपके आहेत," त्या म्हणाल्या. "बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, वरच्या थराच्या लगेच खाली. दोन्ही डोळ्यांत. नाण्यांसारखे गोल."

"म्हणजे साथ अजून गेली नाही?"

"साथ गेली. विषाणू गेला. आता जे दिसतंय ते तुमचं स्वतःचं आहे."

मास्तरांना कळेना. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांना समजावून सांगायची हौस आहे, आणि आम्हा गावकऱ्यांना ती सोसते, कारण त्या शास्त्रसुद्धा चहाड्या सांगितल्यासारखं सांगतात.

"असं बघा मास्तर. एखाद्या घरात चोर शिरतो. ओरडा होतो, आळीतले लोक काठ्या घेऊन धावतात, चोराला पिटाळून लावतात. इथवर सगळं चांगलं. ते धावले नसते तर घर धुऊन निघालं असतं. तुमच्या अंगातल्या प्रतिकारशक्तीनं हेच केलं, आणि फार छान केलं. पण चोर पळताना त्याचं काही-बाही सामान टाकून गेला. चप्पल म्हणा, टोपी म्हणा. विषाणूचे तसले तुकडे पडद्यात अडकून राहिलेत. आता आळीतले लोक त्या चपलेभोवती घोळका करून उभे आहेत. कोणाची असेल, परत येईल का, मी तेव्हाच म्हटलं होतं. चोर घरात होता आठवडाभर, हे शेजारी महिनोन् महिने हलत नाहीत. त्यांचा तो घोळका म्हणजे हे ठिपके. एरवी ते कुठेही उभे राहिले तरी चालतं, पण ही नेमकी खिडकीची काच आहे."

"मग त्यांना हाकला की."

"हाकलायचं नाही. चहा-पाणी विचारत एकेकाला घरी पाठवायचं. त्यासाठी हे थेंब, सौम्य स्टेरॉइडचे. दिवसातून चार वेळा, मग तीन, मग दोन, मग एक. अगदी सावकाश. मध्येच बंद केलेत तर गेलेले परत येतील आणि येताना पाहुण्यांना घेऊन येतील. आणि उगाच जास्तही घालायचे नाहीत, या थेंबांनी डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो. म्हणून दर वेळी मी तो मोजणार."

"किती दिवस?"

"दिवस नाही. महिने. कधी वर्षसुद्धा."

"पण सहा आठवड्यांनी मला..." मास्तर थांबले. "मला एक नंबर काढायचाय."

"एक नंबर दुसऱ्या कोणी काढला तर चालणार नाही का?"

मास्तरांनी थेंबांची बाटली उचलून खिशात घातली.

इकडे मालकांना हे कळलं. त्यांनी तोंड पाडून सांगितलं, "मास्तर, तुम्ही घरचे आहात. पण ज्याला दिसत नाही तो नंबर काढतोय असं बाहेर गेलं तर आपलं हसं होईल. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणा, मग आत बसा. तोवर पुढे बसून फ्रेमी पुसा." मास्तर पुढच्या झगमगाटात बसले. प्रत्येक दिव्याला कडं आणि प्रत्येक कड्याला झिरमिळ्या. तिथे बसून ते रोज एकच हिशेब करायचे: बाई यायला किती दिवस उरले.

थेंब सुरू झाल्यावर थोडं बरं वाटू लागलं. तीन आठवड्यांनी ते तपासायला गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि म्हणाल्या, "वाचा."

आता इथे जे झालं ते फक्त आमच्या मास्तरांच्याच बाबतीत होऊ शकतं. तो तक्ता त्यांच्या दुकानातल्या तक्त्याचाच सुलटा भाऊ होता. दवाखाना नवा असताना मास्तरांनीच तो मागवून दिला होता. त्यावरची अक्षरं त्यांनी दिवसाला वीस माणसांच्या तोंडून, तीस वर्षं ऐकली होती. मास्तरांनी वरून सुरुवात केली. पहिली ओळ दिसली. दुसरी दिसली. तिसरीपर्यंत डोळे बरोबर होते. मग डोळे मागे पडले आणि तोंड पुढे निघालं. चौथी, पाचवी, सहावी, आणि तळाची ती मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ: "ग, र, ळ, म, च, भ, न." न अडखळता. दुसऱ्या डोळ्यानंही तसंच.

मास्तर खोटं बोलले का? मी त्यांना पुढे एकदा विचारलं. ते खूप वेळ विचार करून म्हणाले, "मला ती अक्षरं दिसलीच होती हो. 'ळ'चा गोल दिसला होता. मला बघायचं होतं ना." मला वाटतं, त्यांनी तीस वर्षं ज्यांना छान-छान म्हटलं ती सगळी माणसं त्या दिवशी त्यांच्यासाठी वाचून गेली.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं. त्या जरा घुटमळल्या. "ठिपके आहेत अजून थोडे. पण तक्ता शेवटपर्यंत वाचलात, म्हणजे ते नजरेच्या आड येत नाहीत. मग उगाच थेंब लांबवण्यात अर्थ नाही, दाबही किंचित वर आहे." एक आठवडा एकेक थेंब, मग बंद. आणि चिठ्ठी: काम करायला हरकत नाही.

मास्तर परत काळोख्या खोलीत बसले. थेंब बंद होऊन आठ दिवस गेले आणि शेजारी परत आले. पाहुण्यांसकट. आरशातल्या तक्त्याची तिसरी ओळ विरली, मग दुसरी डळमळू लागली. मास्तरांनी कोणाला सांगितलं नाही. नंबर काढायला तक्ता दिसावा लागत नाही, गिऱ्हाइकाला दिसला म्हणजे झालं. गिऱ्हाईक वाचतं आणि मास्तरांना काय बरोबर ते पाठ असतं. भिंगांवरचे आकडे ते बोटांनी जाडी चाचपून ओळखू लागले. "पाचच दिवस राहिलेत," असं ते वहिनींना म्हणाले. वहिनींना वाटलं, आनंदानं म्हणताहेत.

बाई सकाळी अकराला आल्या.

"या बाई. बसा."

बाई बसल्या. मास्तरांनी फ्रेम उचलली. आणि ज्या क्षणाची त्यांनी वर्षभर वाट बघितली तो आला, आणि गेला, आणि त्यांना दिसलाच नाही. समोर फक्त एक उंच, सावळी, कडा विरलेली आकृती होती, ओल्या कागदावर काढल्यासारखी. मास्तरांना वाटलं, आपण एक-दोन सेकंद उशिरा बघितलं असेल.

बाईंनी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली. मग म्हणाल्या, "मास्तर, काही वेगळं वाटत नाही?"

"आधी बघूया," मास्तर म्हणाले. "वाचा."

बाईंनी वाचलं. हे की हे झालं. आता आणि आता झालं. मास्तरांनी मोजपट्टी बाईंच्या नाकापाशी नुसती धरली आणि न बघताच एकसष्ट लिहून टाकलं.

"नंबर तोच आहे," ते म्हणाले. "काहीही फरक नाही."

"काहीही नाही?"

"पावसुद्धा नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी फ्रेम काढून ठेवली, आपला चष्मा चढवला, पर्स उचलली. आवाज थंड झाला होता, पान दुमडणाऱ्याशी बोलतानाचा. "मग निघते. रविवारची गाडी आहे."

मास्तरांनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. पण त्याच वेळी त्यांनी सवयीप्रमाणे बाईंचा चष्मा पुसून द्यायला हात पुढे केला, आणि हात चष्म्याच्या चार बोटं डावीकडे हवेत फिरून आला.

बाई उभ्याच राहिल्या. मग त्यांनी पर्समधून एक पुस्तक काढलं, मधलंच पान उघडलं, ते मास्तरांच्या हातात दिलं आणि दिव्याचं बटण दाबलं.

"वाचा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पुस्तक जवळ धरलं. लांब धरलं. चष्मा लावला, काढला. त्या खोलीत तीस वर्षांत पहिल्यांदाच असं काहीतरी वाचायचं होतं, जे त्यांना पाठ नव्हतं. बाहेर मालक कोणाला तरी फ्रेम शोभते म्हणून सांगत होते.

"दिसत नाही," मास्तर म्हणाले.

"कधीपासून?"

"महिन्या-दोन महिन्यांपासून. मधे बरं होतं. आता जास्त आहे." आणि मग, घोकलेलं वाक्य बाजूलाच राहिलं, न घोकलेलंच बाहेर पडलं. "बाई, तुम्ही मला दिसत नाही. वर्षभर वाट बघितली मी, की तुम्ही याल आणि मी नीट बघून घेईन. शेवटचं म्हणून. त्यासाठी डॉक्टरीणबाईंना फसवलं. आणि आता तुम्ही समोर आहात आणि मला नुसतं धुकं दिसतंय."

बाई खाली बसल्या.

"वेणी कापली मी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मानेपर्यंत. महिना झाला. वाचनालयातल्या शिपायापासून सगळ्यांनी विचारलं, का कापली म्हणून. तुम्ही एकटे काही बोलला नाहीत. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. उठा. दवाखाना एकला बंद होतो."

दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या मास्तरांनी अपराध्यासारखं विचारलं, "तुमचा इतक्या वर्षांचा नंबर बरोबर काढला असेन ना हो मी? नाहीतर तुम्ही उगाच..."

"मास्तर, सहा वर्षं एकच नंबर आहे. चष्मा व्यवस्थित आहे. बदलत नाही हे मला समजत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?"

मास्तरांनी खिशातलं कापड काढलं आणि परत ठेवलं. आणि बोलावणं आलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मास्तरांना असं झापलं, की बाहेर बसलेल्या पेशंटांनीही आपापल्या गोळ्या वेळेवर घ्यायचं मनाशी ठरवलं. "तक्ता पाठ म्हणून दाखवलात? अहो, सातवीतली मुलं करतात हे. डोळ्यातले शेजारी परवडले, तुम्ही नाही." मग त्यांनी भिंतीवरचा तक्ता उतरवला आणि ज्यांना अक्षरं येत नाहीत अशांसाठीचा दुसरा लावला, तीन पायांची आकृती, कधी वर तोंड, कधी खाली, कधी डावीकडे. त्रेपन्न वर्षांचे आमचे मास्तर बालवाडीतल्या मुलासारखी तीन बोटं ताणून दाखवू लागले: असं, तसं, असं. तिसऱ्या ओळीला बोटं हवेत थांबली. बाई शेजारी उभ्या होत्या. "सांगा की दिसत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "छान म्हणतील त्या." डॉक्टरीणबाई छान वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी थेंब पहिल्यापासून सुरू केले. या खेपेला आणखी सावकाश. पुन्हा चार, मग तीन, आणि दर पायरीला कित्येक आठवडे.

"जातील ना पण?" मास्तरांनी विचारलं.

"बहुतेक जातात. काही वेळा एखाद-दुसरा राहतोही. शरीराचं असं आहे मास्तर, एकदा आलेल्याला ते विसरत नाही. ते विसरत नाही म्हणूनच आपण जगतो. पण कधी कधी कोणी नसतानाही आठवत बसतं."

रविवारी मास्तर बाईंना गाडीवर सोडायला गेले. बाई आत जाऊन बसल्या. गाडी हलली तेव्हा मास्तरांनी एका खिडकीकडे बघून पुष्कळ हात हलवला. दोन खिडक्या सोडून बाईंचा आवाज आला, "मास्तर, मी इकडे." त्यांनी वळून तिकडे हात हलवेपर्यंत ती खिडकीही बाकीच्यांत मिसळून गेली. आतला एक अनोळखी गृहस्थ मात्र त्यांना शेवटपर्यंत हात हलवत राहिला, असं म्हणतात.

मास्तर पुन्हा पुढच्या दालनात आले. आत मालकांनी एक तरुण मुलगी ठेवली. ती चटपटीत आहे, पाच मिनिटांत नंबर काढते. मास्तरांना ते घाईचं वाटतं, पण ते बोलत नाहीत. दर रविवारी सकाळी बाईंचा फोन येतो. वहिनी शेजारच्या खोलीत त्याच वेळी कपड्यांच्या घड्या घालायला बसतात. रविवारी त्या घरात कपड्यांच्या जितक्या घड्या पडतात तितके कपडे त्या घरात नाहीत. म्हणून वहिनींकडून मला पुढचं माहीत.

"किती थेंब?" हा बाईंचा पहिला प्रश्न असतो.

चाराचे तीन व्हायला दोन महिने लागले, तिनाचे दोन व्हायला आणखी दोन. मध्ये एकदा डोळ्यातला दाब वाढला म्हणून थेंबाची बाटली बदलावी लागली. मास्तर रोज सकाळी खिडकीत उभे राहून समोरच्या दवाखान्याची पाटी वाचायचा प्रयत्न करत. एखाद्या दिवशी ती वाचता यायची, दुसऱ्या दिवशी परत विरायची. घाई करावी असं त्यांना रोज वाटे. एक थेंब कमी केला की एक दिवस जवळ आला, असा त्यांच्या मनाचा बिनडोक हिशेब. पण ते करत नसत. थेंब घालून डोळे मिटून पाच मिनिटं ते खुर्चीत बसत, आणि त्या पाच मिनिटांत कोणीही, मालकांनीसुद्धा, त्यांच्याशी बोलायचं नाही असा दुकानात नियम पडून गेला. काय बघत असतील मिटल्या डोळ्यांनी? मी विचारलं नाही. मलाही थोडी लाज आहे.

आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तीन पायांचा तक्ता लावला. मास्तरांची बोटं चौथी ओळ पार करून पाचवीच्या मध्यापर्यंत गेली आणि तिथे त्यांनी स्वतःहून हात खाली घेतला. "यापुढे दिसत नाही."

"चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सगळं स्वच्छ होईपर्यंत थांबायचं असं ठरवलं असेल तर ते सोडा. डाव्या डोळ्यातले दोन ठिपके मला हट्टी वाटतात. ते कदाचित इथेच म्हातारे होतील."

मास्तर त्या रात्री फारसे जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात. त्यांना बाईंना पूर्वीसारखं बघायचं होतं. केस न् केस दिसेल असं. ते आता कधीच होणार नाही अशी शक्यता त्यांना कोणी याआधी इतक्या स्पष्ट सांगितली नव्हती.

रविवारी फोन आला.

"किती थेंब?"

"दिवसाआड एक. पाचव्या ओळीच्या मध्यापर्यंत दिसतं." मग थांबून, "डाव्यातले दोन राहणार म्हणतात. कायमचे."

"हं."

"म्हणजे थांबून काही उपयोग नाही. जेवढं दिसायचं तेवढंच दिसणार."

वहिनींच्या हातातला टॉवेल अर्धा दुमडलेला राहिला.

"मी येऊ का?" मास्तर म्हणाले.

"कधी?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा. आजारपण सोडलं तर मालकांना मी तीस वर्षांत रजा मागितलेली नाही, त्यांना ती कशी नाकारायची हेसुद्धा माहीत नसेल."

"इथे गाडी पहाटे पोचते," बाई म्हणाल्या. "तेव्हा उजेड कमी असतो. तुम्ही स्टेशनच्या फाटकापाशी थांबा, कुठे जाऊ नका. मी येऊन तुम्हाला ओळखते."

"बरं."

"आणि बाटली आणा. दिवसाआडचा थेंब चुकवायचा नाही."

"नाही चुकवणार."

मग बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी बराच वेळ दोघांपैकी कोणीही फोन ठेवला नाही. अखेर टॉवेल टाकून वहिनीच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, रविवारी संध्याकाळी सातला ती गाडी इथून सुटते. आजच."